संकट आपल्याला किती वेळ देतं? पेडणे तालुक्यातल्या दर्याकाठच्या घरांसाठी एक पाठ

बोट मालक, तांडेल, रापणकार, होडीवाले आणि घर सांभाळणाऱ्या आमच्या आयाबहिणी, हा पाठ सगळ्यांसाठी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी विणायला, इंजिन खोलायला वेळ मिळतो, तसा हा पाठ वाचायलाही मिळेल. थोडा लांब आहे. एका बैठकीत जमलं नाही तर दोन वेळा वाचा, पण घरात मोठ्याने वाचा.

आपल्या तालुक्याकडे बघा. पश्चिमेला दर्या: केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी. उत्तरेला तेरेखोलची खाडी, दक्षिणेला शापोरा नदी. पाठीमागे सह्याद्री. म्हणजे पाणी तीन बाजूंनी आणि वीज डोक्यावरून. गाव म्हणून आपण लहान, पण संकटं मात्र आपल्याकडे चारी दिशांनी येतात.

वादळाची, पुराची माहिती आता मोबाईलवर येते. पूर्वीसारखं "कळलंच नाही" असं फार वेळा होत नाही. तरी नुकसान होतं, कधी माणूस जातो. का? आम्हाला वाटतं, इशारा आणि काम यांच्यामध्ये जो वेळ असतो, त्याचा हिशोब आपण आधी करून ठेवत नाही. प्रत्येक संकट वेगळा वेळ देतं. वादळ दिवस देतं. नदी तास देते. वीज मिनिटं देते. दूरची लाट काहीच न सांगता येते असं वाटतं, पण तिचाही इशारा असतो. आणि किनारा खाणारा दर्या वर्षं देतो. या वेळेप्रमाणेच हा पाठ मांडला आहे.

१. वादळ: दिवस मिळतात, पण मोजून

अरबी समुद्रात चक्रीवादळाचे दोन हंगाम. एक पावसाच्या आधी, मे आणि जूनचा सुरुवातीचा भाग. दुसरा पावसानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, पण मोठं चक्रीवादळ सहसा बनत नाही. आता गंमत बघा, हे दोन्ही हंगाम आपल्या धंद्याच्या दिवसांत येतात. एक बंदीच्या तोंडावर, जेव्हा "शेवटची फेरी मारून घेऊ" असं वाटतं. दुसरा बंदी उठल्यावर, जेव्हा बांगडा, सुरमईचा जोर असतो.

मागच्या काही वर्षांतली वादळं आठवा.

नोव्हेंबर २००९, फयान. ११ नोव्हेंबरला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. त्याआधी ते कोकण किनाऱ्याला धरून वर गेलं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या बोटी दर्यात होत्या. अनेक खलाशी परत आले नाहीत.

नोव्हेंबर-डिसेंबर २०१७, ओखी. कन्याकुमारीच्या बाजूला डिप्रेशनचं चक्रीवादळ व्हायला एक दिवससुद्धा नीट लागला नाही. केरळ आणि तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. आपल्यापासून ते दूरवरून गेलं, तरी डिसेंबरच्या सुरुवातीला गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये लाटांचं पाणी शिरलं.

ऑक्टोबर २०१९, क्यार. हे तर सुपर सायक्लोन झालं. किनाऱ्याला न लागता ओमानच्या दिशेने गेलं. पाठोपाठ महा नावाचं दुसरं आलं. ऐन हंगामात बोटी बांधून ठेवाव्या लागल्या.

मे २०२१, तौक्ते. १४ मेच्या सकाळी डिप्रेशन, त्याच रात्री चक्रीवादळ, १६ मेला गोव्यासमोर. झाडं आणि विजेचे खांब पडले, बऱ्याच गावांत काही दिवस वीज नव्हती. १७ मेच्या रात्री ते गुजरातच्या किनाऱ्याला लागलं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या.

पहिली गोष्ट. यातलं एकही वादळ पेडण्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं नाही. सगळी बाजूने गेली. म्हणून काहीजण म्हणतात, "हवामान खातं दर वेळी घाबरवतं, वादळ येत तर नाही." पण वादळाचं केंद्र शंभर-दोनशे किलोमीटरवर असलं तरी वारा आणि लाट आपल्यापर्यंत येते. केंद्र किनाऱ्याला लागलं नाही म्हणजे इशारा खोटा ठरला, असं नाही.

दुसरी गोष्ट. तौक्तेमध्ये डिप्रेशन बनल्यापासून ते आपल्यासमोर येईपर्यंत साधारण दोन दिवस मिळाले. ओखीत कन्याकुमारीच्या लोकांना तेवढेही मिळाले नाहीत. दर्याचं पाणी तापलेलं असलं की वादळाला जोर झपाट्याने चढतो. म्हणून "चक्रीवादळ" हा शब्द ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. "डिप्रेशन" हा शब्द आला की आपलं घड्याळ चालू झालं, असं समजायचं.

वाऱ्याचे शब्द

हवामान खातं जे शब्द वापरतं त्यांचा अर्थ ठरलेला आहे. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा म्हणजे डिप्रेशन. ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. ६२ ते ८८ झालं की चक्रीवादळ, आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. ८९ ते ११७ तीव्र. ११८ ते १६५ अतितीव्र. त्याच्या वरही पायऱ्या आहेत, आणि २२० च्या पुढे सुपर सायक्लोन.

एक हिशोब लक्षात ठेवा. वारा दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. ४० च्या वाऱ्यात जो दोर टिकला, तो ८० च्या वाऱ्यात टिकेलच असं नाही. त्याच्यावर चारपट ओढ आहे.

बावट्याचे आकडे

बंदरावरचा "तीन नंबरचा बावटा" आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण एकूण अकरा आकडे आहेत. १ आणि २ म्हणजे वादळ दूर आहे. बंदरातून बाहेर जाणाऱ्या जहाजांनी सावध राहावं. ३ आणि ४ म्हणजे खराब हवा आपल्या बंदराला लागू शकते. ५, ६, ७ म्हणजे धोका, आणि ८, ९, १० म्हणजे मोठा धोका. इथे आकडा पुढे गेला म्हणजे धोका तेवढाच वाढला असं नसतं. ५, ६ आणि ७ मधला फरक म्हणजे वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार किंवा बंदरावरूनच जाणार, एवढाच. ८, ९, १० चंही तसंच. ११ म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे, आणि हवा वाईट होणार. एक आणि दोनला "लहान आकडा आहे" म्हणून सोडू नका. बावटा बघणारा माणूस किनाऱ्यावर उभा असतो. तुमची बोट जर दूर दर्यात असेल, तर ते "दूरचं वादळ" तुमच्या जवळचं असू शकतं.

परतीचा हिशोब

समजा बोट किनाऱ्यापासून ६० सागरी मैलांवर आहे. चांगल्या हवेत ताशी ८ मैल धावते. म्हणजे साडेसात तास. पण वारा आणि लाट समोरून असली, तर वेग अर्ध्यावर येतो. मग १५ तास. त्यात जाळं ओढायला दोन-तीन तास धरा. म्हणजे १८ तास आधी निघायला हवं. २४ तासांचा इशारा आला तेव्हा हातात प्रत्यक्षात सहाच तास उरतात. तांडेलाने प्रत्येक फेरीच्या आधी हा हिशोब आपल्या बोटीचा करून वहीत लिहून ठेवावा.

आता खरी अडचण बोलूया. कुणी बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. तांडेलाला इशारा मिळतो, पण डिझेल जळलेलं असतं, बर्फ भरलेला असतो, आणि मासे अजून मिळालेले नसतात. रिकामा परत आलो तर मालक काय म्हणेल, खलाशांना वाटा काय मिळेल, याची भीती वाऱ्यापेक्षा मोठी होते. म्हणून तो म्हणतो, "अजून एक ओढ मारू." पुष्कळ वेळा माणूस जातो तो त्या एका ओढीत.

यावर उपाय मालकांच्या हातात आहे. हंगामाच्या सुरुवातीलाच, खलाशी सगळे समोर असताना, मालकाने स्पष्ट सांगावं: इशाऱ्यावर परत आलेल्या फेरीचा डिझेल-बर्फाचा खर्च मी वाट्यातून कापणार नाही. पूर्ण जमत नसेल तर अर्धा तरी. एका फेरीचं नुकसान आणि एका बोटीचं नुकसान, यात कुठलं परवडतं ते मालकांना आम्ही सांगायला नको. आणि माणसाचा तर हिशोबच होत नाही.

चार टप्प्यांत काय करायचं

हवामान खातं वादळाचा इशारा चार टप्प्यांत देतं. साधारण ७२, ४८, २४ आणि १२ तास आधी. वादळ झपाट्याने बनलं तर यातले पहिले टप्पे मिळतीलच असं नाही, म्हणून कामं आधीच वाटून ठेवा.

७२ तास: दूरच्या बोटींना निरोप. नवीन बोट बाहेर सोडायची नाही. परतीचा हिशोब बघून निघायची वेळ ठरवा.

४८ तास: सगळ्या बोटी आत. नदीच्या आतल्या, वळणाच्या जागी बांधायला घ्या. तोंडाजवळची जागा चांगल्या हवेत सोयीची असते, वादळात नाही. किनाऱ्यावरच्या होड्या वाळूच्या टेकडीच्या मागे ओढा.

२४ तास: इंजिन, बॅटरी, जीपीएस, वायरलेस काढून घरी. जाळी उंचावर. दोर दुप्पट. पिण्याचं पाणी भरून ठेवा. मोबाईल, टॉर्च चार्ज करा.

१२ तास: बोटीवर कुणी राहायचं नाही. "राखण करायला झोपतो" हे चालणार नाही. समुद्राला लागून घर असेल तर म्हातारी माणसं, मुलं, बाळंतीण यांना आधी हलवा, अंधार पडायच्या आत.

बोट बांधताना

वादळाचा वारा एका दिशेने राहत नाही. आपल्याकडे वादळ बहुतेक पश्चिमेकडून, दर्यातून, उत्तरेला जातं. त्या वेळी आपल्याला वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून, आणि केंद्र पुढे गेलं की नैऋत्येकडून लागतो. शेवटचा नैऋत्येचा वारा सरळ दर्यावरून येतो, लाट घेऊन. म्हणजे "वादळ पुढे गेलं" असं ऐकून ज्या वेळी माणूस दोर बघायला खाली उतरतो, नेमका तेव्हा पाण्याचा जोर वाढलेला असू शकतो. बोट एकाच बाजूने बांधून चालत नाही. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दोर हवे.

पाणी वर चढणार हे धरून दोराला ढील ठेवा. घट्ट बांधलेली बोट पाणी वाढलं की दोर तोडते, नाहीतर पाण्याखाली ओढली जाते. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट हवा, आणि खोली मोजायची ती चढलेल्या पाण्याची. दोन बोटींच्या मध्ये जुने टायर. दोर जिथे लाकडाला किंवा लोखंडाला घासतो तिथे गोणपाट किंवा जुनी पायपाची नळी गुंडाळा. फायबरची हलकी होडी किनाऱ्यावर उलटी करून बांधा. सरळ ठेवली तर वारा आत शिरतो आणि उडवून नेतो.

एक जुनी खूण दर्यात उपयोगी पडते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताच्या बाजूला असतं. वायरलेस बंद पडला तरी कुठल्या बाजूला जायचं नाही, हे यावरून कळतं.

२. नदी: तास मिळतात

तिळारीचं धरण दोडामार्गात आहे, महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं मिळून. त्याच नदीचं पाणी गोव्यात येऊन शापोरा होतं आणि मोरजीच्या तोंडाशी दर्याला मिळतं. म्हणजे दोडामार्गाच्या डोंगरात पडलेला पाऊस आपल्या दाराशी येतो, आपल्याकडे ऊन असलं तरी.

ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पाऊस आणि धरणातून सोडलेलं पाणी एकत्र आलं. इब्रामपूर, चांदेल, हसापूर या भागात आणि पलीकडे साळ, कोलवाळकडे घरात पाणी शिरलं, लोकांना हलवावं लागलं. जुलै २०२१ मध्येही गोव्याच्या बऱ्याच नद्यांना मोठा पूर आला.

आपण मच्छीमारांनी यात एक गोष्ट जास्त समजून घ्यायची आहे, कारण ती आपल्यालाच कळते: भरती. पुराचं पाणी शेवटी नदीच्या तोंडातून दर्यात जायचं असतं. तोंडाशी भरती असेल तर ते पाणी अडतं आणि मागे चढतं. ओहोटी लागली की उतरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी सगळ्यात वर येतं. म्हणून पावसाळ्यात मोठा पाऊस आणि उधाण एकाच दिवशी असेल, तर तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत बऱ्याच जणांना येते: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. हा अंदाज आहे, नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ता बघा. पण रात्री नेट नसताना हीच रीत कामाला येते. मुलांना शिकवा.

आगरवाडा, चोपडे या बाजूला खाजन शेती आणि मिठागरं आहेत. तिथे बांध आणि मानस हेच आपलं संरक्षण. मानसाची फळी सडली असेल, बांधाला खेकड्यांनी बिळं केली असतील, तर भोक लहान असतानाच बुजवायचं. पुराच्या रात्री बांध फुटला की शेत, मीठ आणि विहिरीचं गोडं पाणी तिन्ही जातं.

नदीकाठच्या घरांनी हे करावं:

घराजवळच्या खांबावर किंवा झाडावर वीत-वीत अंतराने रंगाच्या खुणा करा. रात्री टॉर्च मारून बघता येतं, पाणी चढतंय की उतरतंय.

पाणी अचानक लाल-गढूळ झालं, फांद्या आणि ओंडके वाहत यायला लागले, की वर पाणी वाढलं असं समजा. खुणेची वाट बघू नका.

ओंडका बांधलेल्या बोटीला आडवा अडकला तर दोन्ही वाहून जातात. पुराच्या वेळी बोट प्रवाहाकडे तोंड करून बांधा आणि मधल्या धारेपासून दूर ठेवा.

पाणी उंबऱ्याला यायच्या आत विजेचा मेन स्विच बंद. नंतर ओल्या हाताने तिकडे जायचं नाही.

आणि एक काम आपण सगळ्यांनी मिळून करण्यासारखं आहे. पाणी सोडण्याचा निरोप मामलेदार आणि पंचायतीकडून येतो, तो येईलच. पण वरच्या गावातल्या माणसाने पाणी स्वतः डोळ्यांनी बघितलेलं असतं. वरच्या प्रत्येक वाड्यातले दोन आणि खालच्या प्रत्येक वाड्यातले दोन, अशा नंबरांची साखळी करून ठेवूया. वरच्याने खालच्याला फोन करायचा. रात्री दोन वाजताही करायचा, आणि खालच्याने रागवायचं नाही.

३. वीज: मिनिटं मिळतात

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर सह्याद्रीवर काळे ढग चढतात आणि संध्याकाळी दर्याकडे सरकतात. आपण दर्याकडे बघत असतो, आणि हे संकट पाठीमागून येतं. उघड्या होडीत सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपणच.

हिशोब सोपा आहे. वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर दूर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पुढची आपल्यावर पडू शकते. तेवढ्यात काम थांबवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं पुन्हा उभं राहायचं नाही.

होडीत असाल तर काठी, अँटेना, गरी खाली घ्या. मध्यभागी खाली बसा. लोखंडाला, ओल्या दोराला, पाण्याला हात लावू नका. किनाऱ्यावर असाल तर माडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. रापण ओढत असाल तर दोर सोडा. मासे परत येतील.

पुण्याच्या संस्थेने बनवलेलं दामिनी नावाचं ॲप फुकट आहे, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता ते दाखवतं. तरुणांनी ते घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर टाकून द्यावं.

कुणावर वीज पडली तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. पहिली काही मिनिटं तुमचीच आहेत, डॉक्टरची नाहीत.

४. दूरची लाट: वारा नसताना येते

कधी कधी आकाश स्वच्छ, वारा मंद, आणि तरी लाट वर वर येते, होड्या उचलते, जाळी ओढून नेते. ही लाट आपल्या दर्यातली नसते. हजारो किलोमीटर दक्षिणेला मोठं वादळ झालेलं असतं, तिथून ती काही दिवस प्रवास करून येते. केरळात तिला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा दर्या.

हिची खूण म्हणजे लाटांमधलं अंतर. जवळच्या वाऱ्याची लाट भराभर येते. दूरची लाट सावकाश, लांब आणि जड येते. दोन लाटांच्या मध्ये पंधरा सेकंद किंवा जास्त वेळ जात असेल, तर होडी आणखी वर ओढा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. वारा नाही म्हणून तो इशारा सोडू नका.

शापोरा आणि तेरेखोलच्या तोंडाशी वाळूचे पट्टे सरकत असतात. बाहेरून येणारी जड लाट आणि आतून जाणारी ओहोटी भिडली की तिथे पाणी उभं राहतं. अशा वेळी घाई करायची नाही. बाहेर थांबून लाटा मोजा, मोठ्या लाटा गटाने येतात, त्या जाऊ द्या. शक्य तर भरतीला आत या. तोंडातून जाताना-येताना लाईफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नव्हे.

सुनामीबद्दल दोन शब्द. आपल्या बाजूला ती क्वचित, पण अशक्य नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावर भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईत लाटा येऊन माणसं दगावली. दर्या अचानक खूप मागे गेला, मासे उघडे पडले, तर ते वेचायला धावू नका. उंचावर, सड्याकडे पळा. बोट खोल पाण्यात असेल तर आत येऊ नका, तिथेच थांबा.

५. किनारा खाणारा दर्या: वर्षं मिळतात

केरीला जाऊन बघा. पूर्वी जिथे सुरूची झाडं होती तिथे आता लाट आहे. हे एका रात्रीत झालं नाही, म्हणूनच कुणाला बातमी वाटली नाही.

वाळूच्या टेकड्या हे दर्याचं आणि आपलं मधलं कुंपण. वादळाची लाट ती वाळू घेऊन जाते, चांगल्या दिवसांत परत आणून टाकते. त्यावरची मर्यादवेल वाळू धरून ठेवते. टेकडी सपाट करून तिथे बांधकाम झालं की लाट थेट घरावर. दगडी भिंत बांधली तर तेवढी जागा वाचते, पण बऱ्याच वेळा भिंतीच्या टोकापलीकडची वाळू जास्त जाते, म्हणजे संकट शेजाऱ्याकडे सरकतं. आपल्या हातात एवढं नक्की आहे: होडी ओढायची वाट एकच ठेवा, दहा वाटांनी टेकडी फोडू नका, वेल उपटू नका, आणि ग्रामसभेत टेकडीचा विषय निघाला की मच्छीमार तिथे हजर पाहिजेत.

६. कागद आणि माणसांची नावं

ओखीनंतर एक प्रश्न खूप दिवस सुटला नाही: नक्की किती माणसं दर्यात होती? हा प्रश्न आपल्यावर येऊ नये म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी यादी करा. नाव, वय, घरचा फोन, अंगावरची ओळखीची खूण. एक यादी बोटीवर, एक मालकाच्या घरी. मोबाईलवर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला तर आणखी चांगलं.

आपल्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकचे खलाशी असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना दर्या नवीन, कुणाला पोहता येत नाही, आणि मराठी इशारा कळत नाही. त्यांच्या घरचा नंबर आपल्याकडे नसेल, तर काही झाल्यावर त्यांच्या आईला कळवणार कोण? लाईफ जॅकेट कसं घालायचं हे त्यांना बंदरावर, पाण्यात जायच्या आधी दाखवा.

अपघात विमा: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, आणि दवाखान्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत आहे. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. पण नाव नोंदलेलं हवं. आपलं नाव आहे की नाही हे सोसायटीत येऊन बघून घ्या.

बोटीची नोंदणी, परवाना, इंजिनाचं बिल, आधार, बँकेचं पासबुक यांचे फोटो मोबाईलवर आणि एका नातेवाईकाकडे, जो किनाऱ्यावर राहत नाही. वादळाआधी बोटीचे आणि जाळ्यांचे तारखेसह फोटो काढा. नुकसान झालं तर पंचनामा होईपर्यंत अवशेष हलवू नका, हलवावेच लागले तर आधी फोटो.

नंबर: तटरक्षक दल १५५४. सागरी पोलीस १०९३. तातडीची मदत ११२. व्हीएचएफवर चॅनल १६. हे नंबर मोबाईलमध्ये तर ठेवाच, पण बोटीच्या केबिनमध्ये रंगानेही लिहा. मोबाईल भिजतो, रंग भिजत नाही.

आता घरचा अभ्यास

या आठवड्यात रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून या पाच प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा आणि तो कागद स्वयंपाकघरात लावा.

१. आपली बोट सगळ्यात दूर असताना परत यायला वाईट हवेत किती तास लागतात?

२. वादळाच्या १२ तास आधी आपण कुणाच्या घरी जाणार? त्यांना विचारलं आहे का?

३. घरातले पुरुष दर्यात असताना होडी ओढायला आणि इंजिन काढायला कोण येणार?

४. रात्री नदी चढली तर आपल्याला फोन कोण करणार, आणि आपण कुणाला करणार?

५. बोटीवरच्या प्रत्येक माणसाच्या घरचा नंबर आपल्याकडे आहे का?

तिसरा प्रश्न मुद्दाम घातला आहे. इशारा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या मोबाईलवर आधी येतो, कारण दर्यात रेंज नसते. किनाऱ्यावरची अर्धी कामं तिलाच करायची असतात. तिला नांगराची जागा, इंजिनाची पिन, कागदांची पेटी माहीत नसेल, तर मिळालेले तास फुकट जातात. तेव्हा हा अभ्यास तिला सोडून करू नका.

कागद भरून झाला की त्याची एक प्रत सोसायटीत आणून द्या. सगळ्यांच्या उत्तरांवरून नदीकाठची फोनची साखळी आणि वाड्यावाड्यातल्या मदतीची यादी बंदी संपायच्या आत करायची आहे. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी तसेच या, आम्ही लिहून घेऊ.